कोणाचे कोणाकडे? : हिशोबाच्या मराठीतील विभक्तिविचार

‘रामरावांकडे वीस हजार रुपये आहेत.’ या वाक्यात व्याकरणाचा कोणताही दोष नाही. तरीही रामराव सधन आहेत की कर्जबाजारी, हे त्यावरून सांगता येत नाही. ‘रामरावांकडे माझे वीस हजार आहेत’ असे म्हटले की एका षष्ठीने ते ऋणको ठरतात. ‘रामरावांजवळ’ म्हटले की रक्कम त्यांच्या खिशात जाते, आणि ‘रामरावांच्या अंगावर’ म्हटले की ती उचल होते, म्हणजे पुढच्या श्रमाने फेडायची. रक्कम तीच आणि माणूसही तोच, पण शब्दाच्या शेपटीला काय जोडले आहे त्यावर देणेकरी कोण आणि घेणेकरी कोण हे ठरते.

इंग्रजीत हे काम नामाच्या आधी येणारी अव्यये करतात, म्हणून इंग्रजी शिकणाऱ्याला बँकेच्या आणि हिशोबाच्या क्रियापदांबरोबर कोणते अव्यय घ्यावे, याच्या याद्या पाठ कराव्या लागतात. मराठीत अशा याद्या कोणी केल्या नाहीत. दादोबा पांडुरंगांच्या १८३६ च्या व्याकरणापासून मोरो केशव दामल्यांच्या १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पर्यंत विभक्तीचा विचार विस्ताराने झाला, मात्र वर्गात तो शिकवताना आपली उदाहरणे बहुधा ‘रामाने रावणास मारिले’ याच वळणाची असतात. पेठेत, सावकाराच्या गादीवर आणि सोसायटीच्या कचेरीत विभक्ती काय काम करते, इकडे मराठीच्या अध्यापकांचे लक्ष फारसे गेलेले नाही. वास्तविक ‘कडे’ आणि ‘कडून’ या दोन शब्दयोगी अव्ययांतच विभक्तीचा सगळा खेळ आहे. ‘कड’ म्हणजे बाजू. तिला सप्तमीचा जुना ‘ए’ लागला की ‘कडे’, पंचमीचा ‘ऊन’ लागला की ‘कडून’. ‘पाटलांकडे येणे’ आणि ‘पाटलांकडून येणे’ हे दोन्ही प्रयोग पाटलांना ऋणकोच ठरवतात. पण पहिल्यात रक्कम अजून त्यांच्या बाजूला पडून आहे, तर दुसऱ्यात ती निघण्याच्या वाटेवर आहे. वसुलीला निघालेला माणूस ‘कडून’ म्हणतो आणि वही लिहिणारा ‘कडे’ म्हणतो, असा आमचा अनुभव आहे.

आम्ही हा विचार धर्माबादच्या अनुषंगाने करतो आहोत, त्याला कारण आहे. नांदेड जिल्ह्याच्या पूर्व टोकाचा हा तालुका तेलंगणाला लागून आहे. सीमा ओलांडली की बासर. मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गावरचे हे स्थानक आणि लाल मिरचीची ही पेठ पिढ्यान्‌पिढ्या तीन भाषांत व्यवहार करत आली आहे. शेतकरी मराठीत किंवा तेलुगूत बोलतो, दर हिंदी-दखनीत ठरतो, आणि हिशोबपट्टी मराठीत लिहिली जाते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नांदेड जिल्ह्याच्या मुधोळ तालुक्यातील मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही सर्कले आंध्र प्रदेशात गेली, धर्माबाद मात्र नांदेडातच राहिले. राज्यांच्या सीमा अशा एका कायद्याने आखता येतात. विभक्तींच्या सीमा तशा आखता येत नाहीत. तेलुगूत कोणाकडून उसने घेताना ‘दग्गर’, म्हणजे ‘जवळ’, हा शब्द सहज येतो. त्यामुळे तेलुगू मातृभाषा असलेला विद्यार्थी मराठी निबंधात ‘वडिलांनी अडत्याजवळ पैसे घेतले’ असे लिहितो. आपण तांबड्या शाईने ‘जवळ’ खोडून ‘कडून’ करतो. परंतु जुन्या मराठीतील ‘पाशी’ आठवून पाहावे : ‘सावकारापाशी पैसे मागितले’ हे आपल्याला खटकत नाही. तेव्हा विद्यार्थ्याचे वाक्य चूक ठरवण्यापूर्वी थोडे थांबायला हवे.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. हिशोबाच्या मराठीने सप्तमीचा जुना ‘ई’ आणि ‘ए’ जितका जपला आहे, तितका बोलीतही क्वचितच आढळतो. आधुनिक मराठीने सप्तमीसाठी ‘त’ हा प्रत्यय जवळजवळ सर्वत्र स्वीकारला. ‘घरी’, ‘दारी’, ‘रात्री’ अशी मोजकी रूपे उरली. वहीत मात्र रक्कम ‘खर्ची’ पडते, ‘खाती’ जमा होते, ‘व्याजी’ लागते. रोकड ‘हाती’ शिल्लक राहते. शब्दयोगी अव्यये पाहिली तर चित्र आणखी रंजक होते. ‘भाड्यापोटी’ मधले ‘पोटी’ हे पोटाची सप्तमी, ‘त्याच्यापायी’ मधले ‘पायी’ ही पायाची. कर्ज ‘माथी’ बसते, नुकसान ‘पदरी’ येते, पैसा ‘गाठी’ला असतो आणि उचल ‘अंगावर’ असते. संपूर्ण मानवी देह, त्यावरच्या वस्त्रासकट, वहीत मांडून ठेवला आहे! पावतीच्या तळाशी ‘ह.’ असे लिहून पैसे आणून देणाऱ्याचे नाव टाकण्याची पद्धत होती; हा ‘ह.’ म्हणजे ‘हस्ते’. संस्कृतात ही सप्तमी, ‘हातात’. मराठी पावतीत तिने तृतीयेचे काम पत्करले, ‘याच्या हातून’. पैसे कोणाच्या मालकीचे होते आणि कोणाच्या हाताने आले, हा भेद त्या एका अक्षराने राखला. मुनीम ज्या रकमेला हात लावतो तिचा तो धनी नव्हे, हे सांगणारे अक्षर ते.

यांत सर्वांत गहन शब्द ‘नावे’. हा तृतीयेचा ‘ए’ की सप्तमीचा, यावर वैयाकरणांनी खुशाल वाद घालावा. व्यवहारात दोन्ही अर्थ जिवंत आहेत. ‘रक्कम गंगारामच्या नावे टाकली’ म्हणजे गंगाराम देणे लागतो. ‘रक्कम गंगारामच्या नावे ठेवली’ म्हणजे ती गंगारामची झाली. येथे विभक्ती तीच राहते आणि क्रियापदाने पारडे फिरते. टाकणे, लिहिणे, मांडणे ही क्रियापदे माणसावर भार घालतात. ठेवणे आणि करणे त्याला धनी करतात. ‘नावे’ऐवजी ‘नावावर’ आले तर पुन्हा वेगळे : जमीन नावावर होते तेव्हा मालकी मिळते, कर्ज नावावर असते तेव्हा बोजा. (‘नावे ठेवणे’ या वाक्प्रचारातला ‘नावे’ निराळा, ते साधे अनेकवचन. पण ज्याच्या नावे टाकले आहे तोच बहुधा टाकणाऱ्याला नावे ठेवतो, हा योगायोग गमतीचा आहे.) इंग्रजी शिकणाऱ्याने क्रियापदानुसार अव्यय निवडायचे असते, मराठीत उलट अव्यय घट्ट धरून क्रियापद तोलून घ्यावे लागते.

या प्रत्ययांचे वय मोठे आहे, आणि भोवतालची नामे सतत बदलत असताना ते टिकले, ही आमच्या मते या इतिहासातली लक्षणीय गोष्ट होय. जमा, खर्च, बाकी, वसूल, वजा ही नामे अरबी-फारसीतून आली. पैठणच्या एकनाथांविषयी कथा सांगतात की, देवगिरीला जनार्दनस्वामींकडे असताना हिशोबातली एक पै चुकली म्हणून त्यांनी रात्रभर जागून ती शोधली. कथा म्हणूनच ती घ्यावी. परंतु ‘अर्जदस्त’सारख्या त्यांच्या रूपकांत शरीराला परगणा आणि जीवाला अंमलदार कल्पिले आहे, आणि दफ्तराच्या फारसी शब्दांनी ती रचना भरलेली आहे, ही कथा नव्हे. ही फारसी नामे मराठी प्रत्ययांवर निर्धास्त उभी आहेत, हे ती रचना वाचणाऱ्याच्या ध्यानात येते. शिवकालात ‘राज्यव्यवहारकोशा’ने याच दफ्तरी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. तेथेही बदलायची होती ती नामेच. ‘स’, ‘चे’, ‘ऊन’ यांना कोणी हात लावला नाही. ‘बद्दल’ आणि ‘मार्फत’ ही अरबी मुळाची अव्यये तेवढी आत शिरली आणि मराठी झाली. बदल्यात ते ‘बद्दल’, ओळखीने ते ‘मार्फत’. ‘हस्ते’ आणि ‘मार्फत’ एकाच पावतीवर शेजारी नांदतात, हे संमिश्र संस्कृतीचे उदाहरण म्हणून कोणी देत नाही, पण देण्याजोगे आहे.

प्रत्यय टिकले खरे, पण त्यांच्यावर पहारा नव्हता. जुन्या दस्तांत रकमेची राखण किती तऱ्हांनी होई! आकडा लिहायचा, मग अक्षरी लिहायचा. आणि निजामी मुलखातल्या उर्दू दस्तांत तर ‘ज्याचे निम्मे इतके’ असे पुन्हा नोंदवायचे, म्हणजे शून्य वाढवायची सोय राहू नये. ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’ हे शब्द मात्र वाक्यात एकेकदाच येत. मोडीत तर शब्दांमध्ये जागा सोडत नसत, ऱ्हस्वदीर्घाचा भेद राखत नसत. वाचणाऱ्याने कानाने शब्द तोडायचे आणि प्रत्यय कोठे संपतो ते ओळखायचे. ज्याला वाचताच येत नव्हते, त्याने निशाणी अंगठा उठवायचा. आकड्यातले शून्य तो कदाचित ओळखील, पण ‘यांजकडे’ आणि ‘यांजकडून’ यांतला भेद कागदावर त्याला कसा दिसावा?

१८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे दंग्याला तोंड फुटले, तेव्हा शेतकऱ्यांनी सावकारांकडे रोकड मागितली नाही. खते आणि रोखे मागितले आणि जाळले. दख्खनचे दंगे म्हणून इतिहासात त्यांचा उल्लेख होतो. पुढे १८७९ च्या कायद्याने शेतकऱ्याला पावती, वर्षाचा हिशोब आणि पासबुक मागण्याचा हक्क दिला, आणि दस्त ग्रामनिबंधकासमोर करण्याची अट घातली. म्हणजे भांडण व्याजदराइतकेच लिहिण्याचे होते, हे सरकारलाही पटले. तुकोबांनी आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत सोडली, ही आख्यायिका येथे सहज आठवते; तेथे धनकोने स्वतःहून कागद बुडवले, येथे ऋणकोंनी ते जाळले.

तो कायदा ब्रिटिश मुलखातला. धर्माबाद निजामाच्या राज्यात होते, आणि येथील हिशोबाला आणखी एक पेच होता : नाणी दोन. राज्याचा हाली शिक्का आणि इंग्रजांचा कलदार. १९५० मध्ये भारतीय रुपया राज्यात अधिकृतपणे आला तेव्हा सात हाली रुपयांस सहा कलदार हे प्रमाण धरले गेले. हाली चलन पुरते रद्द झाले ते १९५९ मध्ये. या विनिमयासाठी मराठीने षष्ठी वापरली : ‘सातशे हालीचे सहाशे कलदार झाले.’ ही षष्ठी मालकीची नव्हे, रूपांतराची. ‘दुधाचे दही झाले’ यातलीच. वर्षही फसली, इसवी सनाहून ५९० ने मागे. वहीत रक्कम, चलन, वर्ष आणि विभक्ती अशा चार ठिकाणी लक्ष ठेवायचे, त्यात राज्यकारभाराची भाषा उर्दू. ‘जिम्मे’ हा शब्द मराठवाड्याच्या बोलीत पक्का रुजला तो याच वातावरणात. ‘त्याच्या जिम्मे शंभर रुपये’ यात ‘कडे’ची संदिग्धता मुळीच नाही, जबाबदारी कोणाची हे शब्दच सांगतो. पुण्याकडचे वाचक या प्रयोगाला परका म्हणतील, पण पेठेला तो अधिक उपयोगी पडला असावा.

मग बँक आली. १९४१ च्या कायद्याने स्थापन झालेली हैदराबाद स्टेट बँक १९४२ मध्ये सुरू झाली. पुढे ती स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली आणि १ एप्रिल २०१७ रोजी भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. १९६९ चे राष्ट्रीयीकरण, १९७६ मध्ये नांदेडला मुख्यालय असलेली मराठवाडा ग्रामीण बँक, गावोगावच्या सोसायट्या, हा सारा इतिहास अर्थशास्त्राचे अभ्यासक सांगतात. आमचे लक्ष एका लहान बदलाकडे आहे. कर्ज सावकाराकडून घेतले जात असे. ‘सावकारातून’ कर्ज घेता येत नाही. बँकेचे तसे नाही. ‘बँकेकडून’ही कर्ज घेता येते आणि ‘बँकेतून’ही. ‘बँकेत’ पैसे असतात, ‘सावकारात’ नसतात. देणारा हा माणूस न राहता जागा झाला, पेटी झाला, आणि ‘कडून’च्या शेजारी ‘तून’ येऊन बसला. ‘कडून’ म्हटले की समोर कोणीतरी असते, ज्याच्याशी भांडता येते, ज्याच्या पाया पडता येते. ‘तून’ला चेहरा नाही. यात शेतकऱ्याची सुटका किती आणि एकाकीपण किती, हे ठरवणे व्याकरणाचे काम नव्हे. पण बदल घडला तो प्रथम प्रत्ययात नोंदला गेला, एवढे म्हणता येईल. सोसायटी या दोहोंच्या मध्ये राहिली. तेथे ‘सोसायटीचे कर्ज’ अशी षष्ठीच अधिक चालते. सोसायटी धड परकी नाही, धड घरची नाही, तेव्हा मोघम ‘चे’ तिला शोभते.

बँकेबरोबर इंग्रजी जमाखर्च आला, आणि येथे विद्यार्थ्यांचा गोंधळ सुरू होतो. देशी खतावणीत डावीकडे जमा, उजवीकडे नावे. इंग्रजी पद्धतीत डावीकडे डेबिट, उजवीकडे क्रेडिट. बाजू उलटल्या. शिवाय भारतातील वाणिज्याच्या वर्गांत डावीकडच्या नोंदीआधी ‘टू’ आणि उजवीकडच्या नोंदीआधी ‘बाय’ लिहिण्याची रीत दीर्घकाळ चालत आली. या ‘टू’ला मराठीत ‘ला’ आणि ‘बाय’ला ‘ने’ अशी जोड लावून पाहावी : रोख खात्याच्या डावीकडे ‘विक्रीला’ असे येते, म्हणजे विक्रीतून आलेली रक्कम ‘विक्रीला’ गेली असे वाटू लागते. ‘टू’ची ती चतुर्थी नव्हेच, जुन्या वाक्यरचनेचे ते खोड उरले आहे. प्रत्ययाला प्रत्यय जुळवून भाषांतर होत नसते, याचे याहून चांगले उदाहरण आम्हांला वाणिज्य शाखेतच सापडले, हे मराठी विभागाने मान्य केले पाहिजे.

आणखी एक गाठ अशी की, प्रत्येक नोंद कोणाच्या तरी वहीतली असते. अडत्याने बँकेत दहा हजार भरले तर त्याच्या स्वतःच्या वहीत ते बँकेच्या नावे पडतात, आणि बँकेच्या वहीत त्याच्या खाती जमा होतात. दोन्ही खरे. पासबुक हे बँकेच्या वहीचे पान आहे, आपल्या वहीचे नव्हे, हे लक्षात आले की गोंधळ मिटतो. जुन्या मराठी नोंदीत ‘च्या नावे’, ‘च्या खाती’ यांतली षष्ठी आणि सप्तमी ही वही कोणाची ते निःसंदिग्ध सांगत. आता भ्रमणध्वनीवर संदेश येतो तो ‘आपले खाते ५०० रुपयांनी डेबिट झाले’ या धाटणीचा. खाते कर्ता झाले आणि माणूस गेला. कोणी वजा केले, कोणाकडे गेले, कशापोटी गेले? ‘कडून’, ‘कडे’, ‘पोटी’ या तिन्ही जागा रिकाम्या राहतात. ‘आपल्या खात्यातून विम्याच्या हप्त्यापोटी ५०० रुपये वजा केले’ एवढे लिहायला दोन शब्द अधिक लागतात. ते दोन शब्द असते तर, न मागितलेल्या विम्याचा हप्ता कापला गेल्याचे खातेदाराला वर्षभराने नव्हे, त्याच दिवशी समजते.

प्रत्ययाची जागा बदलली की धोरण बदलते, याचे पेठेतले उदाहरण ताजे आहे. २०१६ साली महाराष्ट्र शासनाने फळे व भाजीपाल्यावरील अडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घेण्याचे ठरवले. निर्णयाचा सारा आशय ‘कडून’ कोणत्या नामाला जोडायचे एवढाच होता, आणि त्यावरून बाजार बंद पडले. २०१८ नंतर धर्माबाद तालुक्यातील काही गावांनी तेलंगणात जाण्याची मागणी केली, तिच्यामागे तेथील ‘रैतू बंधू’ योजनेचे आकर्षण होते. तेथे शासन हंगामापूर्वी शेतकऱ्याला एकरी रक्कम देत होते. येथे शेतकऱ्याचे कर्ज केव्हा माफ होणार याची वाट पाहिली जात होती. एकीकडे ‘शेतकऱ्याला’, दुसरीकडे ‘शेतकऱ्याचे’.

माफीचेही तसेच. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने ‘कर्जमाफी’ नव्हे तर ‘कर्जमुक्ती’ हा शब्द आग्रहाने वापरला. माफी अपराध्याला असते, आणि शेतकरी अपराधी नाही, ही त्यामागची भूमिका. राज्याच्या २०१९ च्या योजनेच्या नावातही ‘कर्जमुक्ती’च आली. समासाचा विग्रह केला तर पहिला षष्ठी तत्पुरुष, कर्जाची माफी; दुसरा पंचमी तत्पुरुष. मात्र पाठ्यपुस्तकी विग्रह ‘कर्जापासून मुक्ती’ असा होतो, आणि आमच्या वर्गातील शेतकऱ्यांची मुले उत्तरपत्रिकेत ‘कर्जातून मुक्ती’ असे लिहितात. ‘पासून’मध्ये कर्ज बाहेर कोठेतरी उभे आहे आणि माणूस त्याच्यापासून दूर होतो. ‘तून’मध्ये माणूस कर्जाच्या आत आहे. वृत्तपत्रांत ‘कर्जापोटी’ आणि ‘कर्जापायी’ हे शब्द अनेकदा एकमेकांऐवजी छापले जातात. पहिला वसुलीच्या नोंदीचा, दुसरा मराठवाड्यातल्या घरांतून आम्ही वारंवार ऐकलेल्या बातमीचा. ‘कर्जातून मुक्ती’ला पूर्ण गुण द्यावेत, असे आम्ही विभागात ठरवले आहे.